कायरा नावाची मुलगी

प्रश्न : माझी नात पुण्याला कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आली की आम्ही दोघी मिळून जुन्या मालिकांचे भाग बघतो. परवा मैत्रिणीशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "कायरासारखं दुसरं कुणी होणं नाही." मी विचारलं, ही कायरा कोण गं, तुझ्या वर्गातली का? तर तिला हसू आवरेना. म्हणाली, "आजी, कायरा म्हणजे मुलगी नाही, जोडी!" मग अर्शी, साजन अशी आणखी पाचसहा नावं तिनं ऐकवली. ही नावं कोण ठेवतं? कशी ठेवतात? आणि मुळातली दोन नावं चांगली असताना हे तिसरं कशासाठी?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुम्हाला ती मुलगी वाटली यात तुमचं काहीच चुकलं नाही. त्या नावाची घडणच अशी आहे की ऐकणाऱ्याला मुलगी वाटावी. म्हणून आधी ते नाव उसवून बघू.

'ये रिश्ता क्या कहलाता है' ही मालिका स्टार प्लसवर १२ जानेवारी २००९ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. भागांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली. एवढ्या काळात घराण्याच्या पिढ्या बदलल्या, नायक-नायिका बदलले. २०१६ ते २०२१ ही वर्षं कार्तिक आणि नायराची. मोहसीन खान आणि शिवांगी जोशी त्या भूमिका करायचे. प्रेक्षकांनी कार्तिकचा 'का' घेतला, नायराचं 'यरा' घेतलं आणि दोन्ही एकमेकांना जोडलं. झाली कायरा.

आता बघा, यात पुरुषाच्या नावाची सुरुवात आहे आणि बाईच्या नावाचा शेवट. आपल्याकडे मुलींची नावं बहुतेक 'आ' किंवा 'ई'वर संपतात. त्यामुळे जोडनावाच्या शेवटी बाईचं नाव आलं की सगळं नावच मुलीचं वाटायला लागतं. अर्णव आणि खुशी यांची अर्शी. अभिमन्यू आणि अक्षरा यांची अभिरा. 'कुमकुम भाग्य'मधल्या अभि आणि प्रज्ञा यांची अभिज्ञा. ही तर उद्या कुणी पाळण्यात ठेवावी इतकी चांगली आहे. उलट क्रम लावला की तो गोडवा जातो. 'कुंडली भाग्य'मधल्या प्रीता आणि करण यांचं प्रीरण झालं, आणि ते कानाला एखाद्या मुलाच्या नावासारखं लागतं.

दुसरी गोष्ट लिपीची. तुमची नात हे नाव रोमन अक्षरांत लिहीत असणार. तिकडे चाहते नावाच्या मधलं एखादं अक्षर मुद्दाम कॅपिटल करतात. हे एका माणसाचं नाव नाही, इथे दोघं आहेत, एवढीच ती खूण. गोधडीवरचा टाका बघून कळतं ना, कुठल्या लुगड्याचा तुकडा कुठे संपला, तसं. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. नाव मराठीत लिहिलं की टाका बुजतो, आणि बोलताना तर तो ऐकूच येत नाही. तुम्ही ते नाव फोनवरच्या बोलण्यात ऐकलंत. टाका दिसायचा कुठून?

ही जोडणी नातीच्या पिढीनं शोधून काढली असंही नाही. त्याच मालिकेत मागे जा. कार्तिक-नायराच्या आधी नैतिक आणि अक्षरा होते, करण मेहरा आणि हिना खान. त्यांच्या मुलाचं नाव नक्ष, मुलीचं नायरा. नैतिकमधला 'न' आणि अक्षरामधलं 'अक्ष' जोडा, नक्ष होतो. 'नै' आणि 'रा' जोडा, नायरा होते. म्हणजे आईवडिलांची नावं जोडून मुलांची नावं ठेवण्याचा घरगुती प्रकार मालिकेतच होता. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आजोबांच्या नावातली दोन अक्षरं आणि आजीच्या नावातली दोन अक्षरं घेऊन बंगल्याच्या फाटकावर बसवलेली नावं कुठल्याही जुन्या कॉलनीत दिसतात. शाळेच्या पटावर दर वर्षी एखादं तरी असं नाव येतं की बाई विचारतात, "हे आईबाबांच्या नावांवरून का रे?" चाहत्यांनी एवढंच केलं, की जोडीला मूल होण्याची वाट न बघता जोडीचंच बारसं केलं.

बारसं हा शब्द मी नेमका वापरतेय. आपल्या बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्र' करते आणि नाव सांगते. भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. नाव ठेवायचा मान तिचा. मालिकेच्या जोडीला अशा हजारो आत्या. वाहिनी नाव ठरवत नाही, लेखक ठरवत नाही. सुरुवातीला चार-पाच नावं निघतात, आठ-पंधरा दिवस ती एकमेकांशी झगडतात, आणि जिभेवर सहज बसेल ते टिकतं. बाकीची कुणाला आठवतही नाहीत. इंग्रजीतल्या अशा नावांवर भाषाशास्त्रज्ञांनी अभ्यास केलाय: कुठल्या नावाचा कुठला तुकडा उचलला जातो, कुठला मागे राहतो. माझं स्वतःचं निरीक्षण साधं आहे. जोडल्यावर अर्थाचा शब्द निघाला तर ते नाव हटतच नाही.

'मिले जब हम तुम' ही स्टार वनवरची कॉलेजची मालिका, २००८ ते २०१०. सम्राट आणि गुंजन, मयंक आणि नूपुर अशा दोन जोड्या. सम्राटची सुरुवात आणि गुंजनचा शेवट रोमन अक्षरांत जोडला की साजन वाचता येतं. मयंक आणि नूपुर जोडले की मयूर. एक प्रियकर आणि एक मोर. याहून चांगली नावं ठरवूनसुद्धा सुचली नसती. अमेरिकन 'कॅसल'मध्ये रहस्यकथा लिहिणारा कॅसल आणि खुनांचा तपास करणारी बेकेट. दोघांचं मिळून कॅस्केट, आणि त्या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ शवपेटी. दर भागात एक प्रेत सापडणाऱ्या मालिकेत हे इतकं चपखल बसलं की दुसरं नाव पुढे आलंच नाही. अर्शीचंही असंच. तुमच्या माझ्या कानांना त्यात आरशी ऐकू येते, फणीपेटीतली छोटी.

पण अर्शीवर थोडं थांबायला हवं. ६ जून २०११ला स्टार प्लसवर एक मालिका सुरू झाली. तिचं नावच प्रश्न होतं: 'इस प्यार को क्या नाम दूँ?' लखनौहून आलेली, जिलब्या तळणारी, देवी मैयाशी मोठ्यानं बोलणारी खुशी. आणि कपाळाला आठ्या घालून फिरणारा, मधुमेही, देव न मानणारा उद्योगपती अर्णव. सनाया इराणी आणि बरुण सोबती. लेखकांनी प्रश्न विचारला होता आणि बघणाऱ्यांनी त्याचं अक्षरशः उत्तर दिलं: या प्रेमाला आम्ही अर्शी म्हणतो. ३० नोव्हेंबर २०१२ला मालिका संपली. दीड वर्षाचा कारभार. पण अर्शी हे नाव आजही चाहत्यांच्या बोलण्यात आहे, आणि मालिका चालू असताना ज्या मुली पाळण्यात होत्या त्या आता ते भाग शोधून बघतात. तुमच्या नातीनं हे नाव घेतलं ते उगाच नाही.

आता हे आलं कुठून? मूळ अमेरिकेत आहे, आणि त्याची सुरुवात मला फार आवडते. लुसील बॉल आणि देसी आर्नाझ हे खरे नवराबायको. १९५०मध्ये त्यांनी निर्मितीसंस्था काढली आणि दोघांची नावं जोडून तिला देसीलू म्हटलं. १५ ऑक्टोबर १९५१ला त्यांची 'आय लव्ह लुसी' सुरू झाली. त्यातही ते नवराबायकोच. १९६०मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. देसी संस्थेतून बाहेर पडला, लुसील एकटीनं कारभार बघू लागली, पण संस्थेचं नाव देसीलूच राहिलं. आणि १९६६मध्ये याच देसीलूनं जी मालिका पडद्यावर आणली ती 'स्टार ट्रेक'. चाहत्यांनी जोड्या लावण्याचा आजचा सगळा प्रकार त्या मालिकेच्या प्रेक्षकांपासून धरतात. एका जोडनावाच्या छताखाली दुसऱ्या जोडनावांची मुळं रुजली, असं म्हणायला हरकत नाही.

'स्टार ट्रेक'मध्ये कर्क आणि स्पॉक हे दोन पुरुष, जिवाभावाचे मित्र. १९७०च्या दशकात काही चाहत्यांनी, त्यातही बायकांनी जास्त, त्या मैत्रीत प्रेम पाहिलं आणि त्यावर कथा लिहिल्या. त्या काळी हे छापणार कोण? सायक्लोस्टाइल केलेल्या अंकांतून त्या हातोहात फिरायच्या. आत काय आहे हे वाचणाऱ्याला आधी कळावं म्हणून दोन आद्याक्षरांच्या मध्ये एक तिरकी रेघ मारायचे. मध्ये 'आणि'चं चिन्ह असेल तर गोष्ट मैत्रीची, तिरकी रेघ असेल तर प्रेमाची. दूरदर्शनचा पडदा जे दाखवणार नव्हता त्याला त्या एका रेघेनं जागा करून दिली. त्या रेघेला इंग्रजीत स्लॅश म्हणतात, आणि अशा कथांनाही तेच नाव पडलं.

पुढे १० सप्टेंबर १९९३ला 'द एक्स-फाइल्स' आली. मल्डर आणि स्कली हे दोन तपास अधिकारी, आणि दोघांचं जमणार की नाही यावर प्रेक्षकांत तट पडले. दोघांत 'रिलेशनशिप' व्हावी असं म्हणणारे ते रिलेशनशिपर. शब्द लांबलचक, म्हणून पुढचा भाग गळाला आणि शिपर राहिलं. नातीच्या तोंडी 'शिप' हा शब्द आला तर जहाज समजू नका, तो 'रिलेशनशिप'चा शेवटचा तुकडा आहे. प्रेम नको, काम करू द्या म्हणणाऱ्यांना नोरोमो हे नाव पडलं. मालिकेनं दोघांना ओठांवरचं पहिलं खरं चुंबन घेऊ दिलं ते १९९९च्या नोव्हेंबरमध्ये, तब्बल सहा वर्षांनी. तोवर शिपर मंडळींनी कळ काढली.

तोपर्यंत जोड्यांची नावं मात्र शाबूत असायची. 'जनरल हॉस्पिटल'मधल्या ल्यूक आणि लॉराचं लग्न नोव्हेंबर १९८१मध्ये सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं, पण सगळे त्यांना ल्यूक आणि लॉराच म्हणत. नावं कापून जोडायची चाल रुळली ती पुढच्या वीसेक वर्षांत. 'बफी' या मालिकेत त्याच नावाच्या नायिकेचे दोन प्रियकर. स्पाइक हवा असणाऱ्यांची स्पफी, एंजल हवा असणाऱ्यांची बँजल. एकदा नाव उच्चारलं की तुम्ही कुठल्या बाजूचे हे समोरच्याला कळलं. जपानमध्ये तर नावांचे पहिले दोन-दोन उच्चार घेऊन जोडायची रीतच आहे, आणि कुणाचं नाव आधी यावरून त्या जोडीत पुढाकार कुणाचा हेही सांगितलं जातं.

क्रमाची ही काळजी आपल्या व्याकरणालाही आहे. पाणिनीनं द्वंद्व समासाचे नियम घालताना, कमी स्वरांचा शब्द आधी यावा, असंही एक सूत्र दिलंय. पण लक्ष्मीनारायण, राधाकृष्ण, उमामहेश यांत दोन्ही नावं अखंड राहतात. समासात जोडतात, कापत नाहीत. कायरात मात्र कार्तिकचं 'र्तिक' गेलं आणि नायराचा 'ना' गेला. कापून जोडलेल्या शब्दांना लुईस कॅरोलनं १८७१च्या पुस्तकात दोन कप्प्यांच्या चामडी बॅगेची उपमा दिली होती. मला मात्र इथे आपल्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवतं. नवरा अंगठीनं तांदळावर बायकोचं नवं नाव लिहितो, आणि तिचं जुनं नाव त्या ताटातच राहतं. माझ्या आईचं राहिलं, मावशीचं राहिलं. चाहत्यांनी केलेल्या बारशात दोघंही आपलं अर्धं नाव सोडतात आणि दोघांचंही अर्धं उरतं. या नावांची मला गोडी लागली ती यामुळे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तिसरं नाव कशासाठी. एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. नुसतं कार्तिक शोधायला गेलात तर देशभरातले कार्तिक समोर येतात. कायरा म्हटलं की तेच दोघं. पण एवढ्यासाठी कुणी जीव टाकत नाही. खरं कारण असं, की जोडी ही त्या दोघांहून निराळी वस्तू असते. कार्तिक आवडत नसेल, नायरा हट्टी वाटत असेल, तरी कायरा आवडू शकते. भांडणं, अबोला, पावसात छत्री पुढे करणं हे सगळं त्या तिसऱ्याचं असतं. आणि त्या तिसऱ्याला नाव नसेल तर त्याच्याबद्दल बोलायचं कसं?

याचा पुरावा त्याच मालिकेत आहे. २०२१च्या सुरुवातीला कथेत नायरा गेली. मग शिवांगी जोशीच सीरत या दुसऱ्या मुलीच्या रूपात आली. तेच दोन चेहरे, तोच मोहसीन खान, तीच शिवांगी. पण चाहते कायरा म्हणाले नाहीत. नवी जोडी, नवं नाव: कायरत. आणि पडद्याबाहेर त्या दोन कलाकारांना एकत्र बघायला आवडतं त्यासाठी पुन्हा वेगळं नाव, शिविन. त्याच दोन माणसांना तीन नावं, आणि एकाचा दुसऱ्याशी घोळ नाही.

पात्रांचं नाव वेगळं आणि कलाकारांचं वेगळं, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. अर्शी ही पात्रं, सरुण म्हणजे सनाया आणि बरुण. बरुण सोबतीचं लग्न ती मालिका यायच्या आधीच झालेलं होतं. ज्यांनी दोन नावं वेगळी ठेवली त्यांनी त्याच्या घरालाही मान दिला. ज्यांनी ती एकात एक मिसळली आणि कलाकारांकडून प्रेमाच्या कबुल्या मागितल्या, त्यांच्या वागण्याला मी कधीच बरं म्हणणार नाही. एखाद्या वेळी पडद्यावरचं खरंही होतं. साजनमधला सम्राट म्हणजे मोहित सेहगल आणि गुंजन म्हणजे हीच सनाया इराणी. २५ जानेवारी २०१६ला दोघांचं गोव्यात लग्न झालं. तेव्हाही चाहते साजन म्हणून थांबले नाहीत. खऱ्या जोडप्याला त्यांनी खऱ्या नावांवरून मोनाया म्हटलं.

मराठीत आपण काय केलं? झी मराठीवर ३ ऑक्टोबर २०१६ला 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. कोल्हापूरकडचा पैलवान राणा, शाळेत शिकवणारी अंजली पाठक. त्या जोडीला सगळा महाराष्ट्र म्हणायचा राणादा-पाठकबाई. कापाकापी नाही. कारण तुकडा पाडायला गेलात तर आधी 'दा' तरी गळेल नाहीतर 'बाई' तरी, आणि सगळी गोष्ट तर त्या दोन शब्दांत होती. तो तिला मानानं बाई म्हणायचा. हाक मारायच्या त्या पद्धतीतच त्यांचं प्रेम होतं, म्हणून प्रेक्षकांनी हाकच जोडीचं नाव म्हणून उचलली. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी २ डिसेंबर २०२२ला पुण्यात खरोखर लग्न केलं, तेव्हाही घरोघरी बायका हेच म्हणाल्या, राणादा-पाठकबाईंचं लग्न झालं. कायरा मला आवडते, पण या नावापुढे नाही.

कधी कधी नाव आधी येतं आणि नातं मागून. 'द लेजंड ऑफ कोरा' ही अमेरिकन कार्टून मालिका २०१२मध्ये सुरू झाली. कोरा आणि असामी या दोन मुलींचं एकमेकींवर प्रेम आहे असं पडद्यावर कुणीच म्हणत नव्हतं, पण चाहत्यांनी नाव ठेवून टाकलं होतं, कोरासामी. १९ डिसेंबर २०१४ला शेवटचा भाग लागला. शेवटच्या दृश्यात दोघी हात हातात धरून, एकमेकींकडे बघत प्रकाशात चालत जातात. आणि मग तिच्या निर्मात्यांनी उघड सांगितलं, होय, तुम्ही समजलात तेच.

नातीला आणखी एक सांगा. तिची आवडती मालिका पुढे सरकली. २०२१पासून अभिमन्यू आणि अक्षरा आले; ही अक्षरा कार्तिकची मुलगी, पहिल्या अक्षरेचं नाव पुढे चालवणारी. त्यांना चाहत्यांनी अभिरा म्हटलं, हे वर आलंच. मग नोव्हेंबर २०२३मध्ये पुढची पिढी आली. अक्षराची मुलगी, समृद्धी शुक्ला ती भूमिका करते. पडद्यावर तिला सगळे ज्या नावानं हाक मारतात ते नाव अभिरा. काल जे जोडीचं नाव होतं ते आज खरोखरच एका मुलीचं आहे. तेव्हा तुम्ही कायरा कोण, वर्गातली का, असं विचारलंत त्यात हसण्यासारखं काही नव्हतं; मालिकाही शेवटी तिथेच पोचली.

आणि या अभिराच्या नायकाचं नाव अरमान. अभिराची पहिली दोन अक्षरं घ्या, अरमानची शेवटची दोन घ्या, आणि दोघी मिळून जोडून बघा. रोजच्या बोलण्यातला मराठी शब्द निघतो.